गावाबाहेरचं बंद जिन : आत जायचं तर काय बघायचं, काय टाळायचं?

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. आमचं गाव कारंजा आणि दारव्ह्याच्या मधल्या पट्ट्यात. गावाबाहेर शकुंतला या छोट्या गाडीच्या रुळांकडे जाणाऱ्या वाटेवर एक जुना जिनिंग-प्रेसिंग कारखाना आहे, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करून रुईच्या गठाणी दाबायचा. गावात सगळे त्याला नुसतं 'जिन' म्हणतात. मला कळायला लागल्यापासून ते बंदच आहे. माझी आजी लग्न होऊन आली तेव्हापासून तिथं कामाला होती.

मालकांची पुढची पिढी अमरावतीला असते. त्यांनी मला आत जायची परवानगी दिली आहे, तीही लेखी. परवानगी देताना एक गोष्ट कानावर घातली : आतलं लोखंड भंगारवाल्याला देऊन झालंय, महिना-दीड महिन्यात तो कटर घेऊन येणार. म्हणजे जे काय बघायचं, टिपायचं ते आताच.

कुंपणाबाहेरून दिसलं ते सांगतो. एक लांबलचक दुमजली इमारत आहे. वरच्या मजल्याच्या लाकडी फळ्यांना ओळीनं चौकोनी भोकं आहेत. तिला दोन मोठी दारं, समोरासमोर. बाजूला एक उंच पण अरुंद खोली. धुराडं मात्र सगळ्यांपासून फटकून, साठ-सत्तर पावलांवर. एका पडक्या कौलावर १८६५ असं साल आहे, म्हणजे इमारत तेव्हाची असावी. आणि गावात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट : बॉयलरच्या खोलीतून एक भुयार निघतं आणि त्यात सावकारानं सोनं पुरलंय.

कुणी अशा ठिकाणी गेलं आहे का? काय बघू? कशाला हात लावू नको?

रुईचा_बोळा
भुयारात सोनं सापडलं तर धाग्यावर आधी कळवा, घरच्यांना नंतर!

फिटरकाका
पऱ्हाटी, बाळा, भुयारात अजिबात जायचं नाही. ही पहिली गोष्ट.

मी अकोला जिल्ह्यात दोन जिनांमध्ये मिळून एकोणीस हंगाम फिटर होतो. ते भुयार म्हणजे धुराची वाट. बॉयलरचा धूर जमिनीखालच्या विटांच्या बोगद्यातून धुराड्यापर्यंत न्यायचे. धुराडं लांब का? कापसाच्या गंज्यांवर ठिणगी पडू नये म्हणून. तुम्ही म्हणता ते साठ-सत्तर पावलांचं अंतर त्यासाठीच. आत काजळी, हवा कोंडलेली, विटांचा चुना सुटलेला. माणूस वाकून शिरेल, पण परत वळायला जागा मिळणार नाही. जवळपास प्रत्येक जिनाच्या गावात या बोगद्याची सोन्याची गोष्ट आहे. आमच्याकडे तर तो थेट गाविलगडला निघतो म्हणायचे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ती उंच अरुंद खोली म्हणजे प्रेस-घर. गठाण दाबायच्या हायड्रॉलिक प्रेसचा सिलिंडर जमिनीत खोल असतो. प्रेस काढून नेला की तिथं विहिरीसारखा खड्डा उरतो, त्यावर कुणी फळ्या टाकतं, फळ्यांवर माती, मातीवर गवत. वरून सगळं सपाट दिसतं. प्रेस-घरात काठीनं ठोकत ठोकत चालायचं, आणि तेही भिंतीच्या कडेनं.

वरच्या मजल्याची भोकं तुम्ही बरोबर हेरली. एकेका भोकावर एकेक जिन-मशीन बसवलेलं असे. कापूस वर चढवायचा, बायका मशीनच्या मागं उभं राहून हातानं चारायच्या. रुई पुढं निघे आणि सरकी त्या भोकातून खालच्या मजल्यावर पडे. फळ्या कुजलेल्या असणार. चढायचंच झालं तर खालून लाकडी तुळई कुठं आहे ते बघून तिच्या रेषेत पाय टाका. माझं मत विचाराल तर चढू नका.

सातपुडा_पायथा
फिटरकाकांनी खड्ड्याचं सांगितलं, मी वरचं सांगते. अशा इमारतींच्या छपराच्या कैचीला किंवा धुराड्याच्या ओठाला आग्या मोहोळ असतं. खालून शांत दिसतं. ड्रोन अजिबात उडवायचा नाही, हल्ली मुलांना तोच मोह होतो. अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको.

पायात घोट्याच्या वर येणारे बूट घाला. विटांच्या ढिगात घोणस आणि मण्यार दोन्ही आमच्याकडे नेहमीची. एकटं जाऊ नये. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का हे आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा. चावलंच तर चिरा, दोरी, मांत्रिक काही नको. अंग हलवू न देता थेट दवाखाना.

गव्हाणी घुबड दिसलं तर मागं फिरा. पिल्लं असतील.

नोंदवही
कौलाच्या सालाबद्दल. ते साल इमारतीचं नाही. मंगळुरी कौलांवर १८६५, १८६८ असे आकडे खूप दिसतात. ते कौलांच्या कारखान्याच्या स्थापनेचं साल असतं आणि पुढं कित्येक दशकं त्याच ठशानं कौलं निघत राहिली. शिवाय मुंबईहून येणारी मोठी रेल्वे लाईन नागपूरला पोचली तीच १८६७ मध्ये. तुमच्या भागातून जायची ती शकुंतला, म्हणजे अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळची नॅरोगेज, तर पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे सुरू झाली. वाफेवर चालणारा प्रेस रेल्वेची सोय नसताना त्या वाटेवर कुणी उभारेल असं वाटत नाही.

वय काढायचं असेल तर दारं बघा. जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांसाठी १९२५ साली वेगळा कायदा झाला. त्यानंतर बांधलेल्या रोलर-जिनाच्या इमारतीत कापूस आत यायला एक दार आणि रुई बाहेर जायला दुसरं दार अशी सक्ती होती, म्हणजे सरकीचा कचरा आणि साफ रुई एकमेकांत मिसळू नये. प्रत्येक गठाणीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक टाकणंही त्याच कायद्यानं आलं. पत्र्यात कापलेले आकडे-अक्षरांचे साचे सापडतात का बघा. गठाणीवर काळा रंग मारायला ते वापरत.

दमणी
नोंदवही, दोन दारं वाऱ्यासाठीही असतात की. आमच्या वाड्यालाही समोरासमोर दोन आहेत, कायदा न होता. केवळ दारावरून १९२५ नंतरची इमारत म्हणणं मला पटत नाही.

नोंदवही
बरोबर आहे. दोन दारं आहेत एवढ्यानं सिद्ध होत नाही. दोन्ही दारं एकाच वेळची आहेत का, हे विटांवरून आणि चौकटीच्या वरच्या बांधकामावरून कळेल. पऱ्हाटी, दोन्हींचे जवळून फोटो काढा.

रुईचा_बोळा
दारांवर एवढी चर्चा चालली आहे तर मी एक विचारतो : कापूसकोंड्याची गोष्ट सांगू का?

दमणी
नको.

रुईचा_बोळा
नको काय म्हणता, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू का?

सातपुडा_पायथा
राजेहो, आता हा धागा दिवाळीपर्यंत संपत नाही.

कडता
सगळे कौतुक करत आहात म्हणून एक कडू बाजू मांडतो. माझे आजोबा तीन बंड्या जुंपून पहाटे निघायचे आणि जिनाच्या फाटकाबाहेर दुसऱ्या दिवसापर्यंत रांगेत उभे राहायचे. मग मापारी कापसाच्या ढिगात हात खुपसून मूठभर बाहेर काढणार, 'कवडी आहे, ओल आहे' म्हणणार आणि मणामागं कडता धरणार, म्हणजे वजनात काट. भाव आधीच ठरलेला. परत घेऊन जावं तर बैलांचा चारा संपलेला. नाव कुणाचं घेत नाही, पण आमच्या घरात जिन म्हटलं की आजोबांचा चेहरा आठवतो, इमारत नाही. मी हे टोपणनाव घेतलंय तेही त्याच्यावरूनच.

ती यंत्रं भंगारात गेली तर मला वाईट वाटणार नाही.

आर्वीकर
कडता, तुमचं म्हणणं खोटं नाही, पण म्हणूनच ते नोंदवायला हवं असं मला वाटतं. फाटक, काटा, रांग कुठं लागायची ते, सगळं. इमारत गेली की ती रांगही कुणाला दाखवता येणार नाही.

अजून एक. आमच्या आजोळी बांधून तयार झालेलं एक जिन वर्षानुवर्षं बंद ठेवलं होतं आणि मालकाला पैसे मात्र मिळत होते. मला लहानपणी हे कोडंच वाटायचं. नंतर कळलं की वऱ्हाडात जिनवाल्यांचे 'पूल' होते. गरजेपेक्षा कारखाने जास्त झाले, मग सगळ्यांनी मिळून दर ठरवायचे, काही जिनं चालवायची, काही मुद्दाम बंद ठेवायची आणि नफा वाटून घ्यायचा. म्हणजे काही इमारती तर चालू काळातच ओस होत्या. भाव तुटतो कसा, याचं उत्तर कडतांच्या आजोबांना तिथं मिळालं असतं.

वणी_नाका
माझी आई वणीला जिनात होती. रोलरजवळचं काम. हंगाम संपला की बरी असे, सुरू झाला की खोकला. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर गेली की त्या दिवशी छाती जास्त जड व्हायची. पुढं एका डॉक्टरांनी सांगितलं की कापसाच्या धुळीनं असं होतं, बिसिनोसिस म्हणतात. तेव्हा तोंडाला पदर, एवढंच औषध होतं.

पऱ्हाटी, तुम्हीही आत जाताना चांगला मास्क लावा. ती धूळ अजून तुळयांवर बसलेली असणार, शिवाय वटवाघळांची लेंडी. आणि छताला सिमेंटचे जुने पत्रे असतील तर तुटलेले तुकडे हाताळू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं.

फिटरकाका
ताई, खरं आहे. आमच्याकडे संध्याकाळी बायकांच्या पापण्या पांढऱ्या दिसायच्या.

कडतांचंही खरं आहे. पण मशीनचा काय दोष! ते रोलर मी हातानं घडवले आहेत. चामड्याच्या गोल चकत्या असतात, भाकरीएवढ्या, मधे भोक पाडलेल्या. शेकड्यानं एका लोखंडी दांड्यात ओवायच्या, दोन्ही बाजूंनी दाबून घट्ट करायच्या, मग लेथवर गुळगुळीत करायच्या आणि वरून तिरप्या खाचा पाडायच्या. रुईचे धागे त्या खरखरीत चामड्याला चिकटून ओढले जातात. रोलरला घासून एक पाती घट्ट बसवलेली असते. धागा तिच्याखालून जातो, सरकी जाऊ शकत नाही. तिला दुसरी हलती पाती ठोकून खाली पाडते. एवढंच यंत्र. मॅकार्थी जिन म्हणतात, मूळ १८४० चं, आणि आजही आपल्याकडची बरीचशी जिनं याच तत्त्वावर चालतात. फक्त एका रोलरचे दोन झाले.

पातीचा दाब जास्त झाला की चामडं जळल्याचा वास यायचा. तो वास आला की मी जेवणावरून उठून पळायचो. कापूस आणि आग, मधे फार अंतर नसतं. गठाणीच्या आत एकदा ठिणगी गेली की वरून काही दिसत नाही, दिवसेंदिवस आतून धुमसत राहते.

बॉयलर शिल्लक असेल तर तोंडाकडून बघा. दोन मोठी गोल भोकं शेजारीशेजारी असली तर लँकेशायर, एकच असलं तर कॉर्निश.

दमणी
काका, कापूस गावातच का जिनायचा, सरळ मुंबईला का नाही न्यायचा, हे मला अजून नीट कळलं नाही.

फिटरकाका
शंभर किलो कापसात रुई साधारण तेहतीस-चौतीस किलो. बाकी मुख्यतः सरकी. सरकी इथल्याच ढोरांना लागते, ढेपेला लागते. ती मुंबईपर्यंत नेऊन भाडं कोण भरणार? आणि मोकळी रुई डब्यात मावत नाही, म्हणून प्रेस. गठाण बांधली की शकुंतलेनं मूर्तिजापूर, तिथं मोठ्या गाडीत भरायची.

मूर्तिजापूर_जंक्शन
शकुंतलेचं नाव निघालं म्हणून राहवलं नाही. आमचं घर यार्डाला लागून. १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनानं ही गाडी १९२३ पासून १९९४ पर्यंत ओढली. ते बंद झालं तेव्हा मी शाळेत होतो. डिझेल आलं, पण गाडी येताना जमीन थरथरायची ती थांबली. माझ्या आईला त्या थरथरीवरून भाताचं आधण कधी ठेवायचं ते कळायचं.

पऱ्हाटी, जाणार असाल तर सांगा. मी टेप आणि मोजपट्टी घेऊन येईन. सिव्हिल ड्राफ्ट्समन आहे. नकाशा काढायला एक दिवस पुरेल.

सातपुडा_पायथा
हे फार चांगलं होईल. आणि लेखी परवानगीचा कागद खिशात असू द्या. विनापरवाना आत शिरलं तर आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ लागतं. गावातल्या पोलीस पाटलांनाही आधी सांगून ठेवा.

वणी_नाका
हे सगळं बंद का पडलं, यावर कुणी बोललं नाही.

आर्वीकर
एका कारणानं नाही. १९७२ ला एकाधिकार खरेदी आली आणि खाजगी व्यापाऱ्याला कापूस घेता येईना. जिनवाल्यांना पणन महासंघाचं काम ठराविक मजुरीवर करावं लागे. त्यात यंत्रं बदलायला पैसा उरायचा नाही. मग २००० साली केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान आलं. ज्यांनी त्यातून नवी यंत्रं, पक्की फरशी, आपोआप कापूस वाहून नेणारी नळी घेतली ते टिकले. जुन्या, गावातल्या, हातानं चारायच्या जिनांना ते झेपलं नाही. आणि मिलही एकेक करून गेल्या. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली होती. आज त्या जागेवर मॉल आहे. पुलगावची मिलही गेली. आमच्या आर्वीची पुलगावला जाणारी छोटी गाडी तर त्याआधीच.

पऱ्हाटी
मंडळी, जाऊन आलो. उशीर झाला, पण नीट लिहायचं होतं.

आम्ही चौघं होतो : मी, माझा चुलतभाऊ, मूर्तिजापूर_जंक्शन आणि चौथी आजी. तिला आत न्यायचं नव्हतं, पण ती ऐकेना. फाटकापाशी खुर्ची टाकून बसवली.

प्रेस-घरात फिटरकाकांचं ऐकून काठी ठोकत गेलो. चौथ्या-पाचव्या पावलाला आवाज बदलला, पोकळ. गवत बाजूला केलं तर सागाच्या दोन फळ्या, आणि त्यांच्या फटीतून खाली काळोख. खडा टाकला, पाण्यात पडला. काका, तुम्ही लिहिलं नसतं तर मी सरळ मधून चाललो असतो. भोवती आता काटेरी बाभळीच्या फांद्या टाकून आलोय, मालकांनाही कळवलंय.

बॉयलर आहे. दोन भोकं. त्याच्या मागं जमिनीत उतरणारी विटांची कमान दिसली, तिथं टॉर्च मारला आणि मागं फिरलो. सोनं असेल तर राहू दे तिथंच.

नोंदवही आणि दमणी, दारांचं. रस्त्याकडच्या दाराला जुन्या पातळ विटांची कमान आहे, चुन्यात बांधलेली. प्रेसकडच्या दाराला कमान नाही, वर लोखंडी गर्डर आहे, दोन्ही बाजूच्या भिंतीच्या विटा अर्ध्या तोडलेल्या आणि सिमेंटनं भरलेल्या. म्हणजे ते दार भिंत फोडून मागाहून केलेलं.

वर चढलो नाही. खालूनच बघितलं. एकवीस भोकं मोजली. चामड्याच्या चकत्या एका कोपऱ्यात पडल्या होत्या, कडेनं कुरतडलेल्या, पण एकमेकींना अजून घट्ट चिकटून. नखानं उचकटली तर आतली चकती नव्यासारखी पिवळसर निघाली, आणि मधल्या भोकाच्या कडेला कुणीतरी पेन्सिलीनं आकडा घातलाय : ४.

खालच्या भिंतीवर गेरूच्या रेघा आहेत. चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी. माझ्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अख्खी भिंत भरलेली. फोटो काढून बाहेर आजीला दाखवले. ती म्हणाली, "त्या सरकीच्या बोऱ्या. मुनीम नसला का मीच रेघा मारो. मले तेवढंच लिवता ये."

मग तिनं विचारलं, तिसरी खिडकी आहे का. आहे म्हटलं. तर म्हणे, "तिथं माही जागा. दिस कलला का ऊन डोयावर ये, मंग मी पदर फुढं ओढो. अन् तुहा बाप खाली सरकीच्या ढिगावर निजे. सरकी गरम राह्यते ना. मी वरतून चारो अन् खाली भोकातून पाहो, हालते का नाई."

बाबा घरी आल्यावर मी त्यांना हे सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं.

नोंदवही
दाराबद्दल : इमारत जुनी, दार नंतरचं, एवढं नक्की म्हणता येईल. ते कायद्यामुळं फोडलं की सोयीसाठी, हे विटांवरून कळणार नाही. दमणींचा मुद्दा ग्राह्य. साचे सापडले का?

दमणी
दारापेक्षा ते भोक मला आता जास्त दिसतंय. त्या खिडकीचा फोटो असेल तर टाका.

पऱ्हाटी
साचा एक सापडला, गंजलेला. आकडे वाचता येतात, खूण अर्धी तुटली आहे. मालकांना विचारून घरी आणलाय. खिडकीचा फोटो रात्री टाकतो.

कडता
पऱ्हाटी, फाटकाबाहेर दगडी हौद आहे का? बैलांना पाणी पाजायचा. आजोबा सांगायचे की रांगेत तेवढीच एक सोय होती. आमचं जिन वेगळं, पण असलं तर त्याचंही माप घ्या.

पऱ्हाटी
आहे. अर्धा मातीत गेलाय. आजीची खुर्ची त्याच्याच शेजारी होती.

मूर्तिजापूर_जंक्शन
मुख्य इमारतीचा नकाशा झाला. वरच्या भोकांची अंतरं, प्रेस-घर आणि धुराडं राहिलंय. भंगारवाल्याचा माणूस मला तिथं भेटला. बोललो त्याच्याशी. पुढच्या सोमवारी कटर येतोय, पण एक मशीन सगळ्यात शेवटी कापतो म्हणाला. मालक देत असतील तर ते एक तेवढं उचलता येईल. मी रविवारी सकाळी सात वाजता निघतो. कडता, तुम्ही येता का? हौदाची माती काढायला एक फावडं जास्तीचं लागेल.

कडता
येतो. फावडं आणतो.

फिटरकाका
मशीन उचलायच्या आधी रोलरच्या दोन्ही टोकांचे नट सैल करू नका, चकत्या सुटतील. तसंच अख्खं उचला. मलाही घेऊन जा. अकोल्याहून पहिल्या गाडीनं मूर्तिजापूरला उतरतो.